मेणाचे डोळे

स्त्रमेत्सची टेकडी,
२० जून १९७१

प्रिय पावला, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन टेकडी चढत नाही. तो पत्रं मात्याशच्या दाराशी ठेवतो आणि मात्याश द्राक्षमळ्यातून वर येईल तेव्हा घेऊन येतो, म्हणून उत्तराला उशीर. अक्षर एवढं मोठं का काढलंस? एका ओळीत चारच शब्द. मी एकसष्टची आहे, एक्क्याण्णवची नाही. वाचायला उशिरा शिकले, पण आता बारीक छापसुद्धा वाचते.

लोव्रोला जाऊन आज पाच आठवडे झाले. चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी त्याला ठेवलंय, माझ्या फरसबीच्या वाफ्यापासून वीस पावलांवर. तू आली नाहीस. अंगात ताप असताना पिरानहून इथवर दोन गाड्या आणि एक बस, हे मला कळतं. तरी तुझी वाट पाहिली, हे लिहून टाकते. नाहीतर मनात राहील.

तू लिहितेस, तिथलं आवर आणि कायमची माझ्याकडे ये, समुद्राकडची खोली तुझी. यावंसं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण लोव्रोने एकतीस वर्षं इथल्या ढगांना घंटा वाजवली. करडा, पोटात हिरवट झाक असलेला ढग आला की मोठी घंटा, तो मळ्यांवरून पार होईपर्यंत. घंटेने गारा फुटतात आणि त्यांचं पाणी होतं, असं खालची माणसं मानतात. लोव्रो मानायचा का, माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता. तेव्हा म्हणाला, “द्राक्षं खुडून होईपर्यंत दोर सोडू नको.” मी हो म्हटलं. मरत्या माणसाला नाही कोण म्हणतं?

आता खालची माणसं मला जपतात. घंटेवाल्याचा वाटा पूर्वीसारखाच प्रत्येक घरातून येतो. पीठ, अंडी, लाकूड, वाईन. मात्याश म्हणतो, “येरा, तू वर आहेस म्हणून आम्हाला झोप लागते.” गेल्या रविवारी मी मीठ आणायला खाली दुकानात निघाले. वळणावर मात्याशची टेरेझा भेटली. “कुठे चाललीस? आणि मागे ढग आला तर?” मी तशीच परत फिरले. संध्याकाळी तिने दोन किलो मीठ पाठवून दिलं. तेव्हापासून मी फाटकाच्या पलीकडे गेलेली नाही.

द्राक्षं झाली की बघू.

तुझी,
येरा


पिरान, ४ जुलै

प्रिय ताई,

मोठं अक्षर तुझ्यासाठी नाही गं. नव्या पेनाचं टोक जाड आहे, बारीक लिहिलं की शाई पसरते.

ढगांना कान असतात, हे मला नव्हतं माहीत. इथे समुद्रावर रोज ढग येतात आणि कोणीही घंटा न वाजवता निघून जातात. पण लोव्रोदाजींचा शब्द आहे, म्हणून गप्प बसते. दोन किलो मिठाचं तू काय केलंस? इथे खाडीभर मीठ पडलंय. येताना घेऊन येऊ नकोस.

एक काम आहे. माझ्या इमारतीत नेवेंका राहते. मासळी विकते, जिभेने तुझी सख्खी बहीण शोभेल अशी. तिच्या डोळ्यांना काहीतरी झालंय. जे बघायला जावं, नेमकं तेवढंच पुसलेलं दिसतं, आजूबाजूचं राहतं. माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. वेदीमागच्या टोपलीतले नवसाचे मेणाचे डोळे तिच्या नावाने वेदीभोवती फिरवशील का, ऑगस्टच्या सणाला? तुला आठवतं, आई मला दातदुखीसाठी वर घेऊन आली होती? टोपलीत मेणाचा दात नव्हता. मग तिने माझ्या हातात मेणाचा घोडा दिला. म्हणाली, यालाही दात असतीलच. आणि दुखणं थांबलं, हे तू नाकारू शकत नाहीस.

आणि ताई, ऑगस्ट संपायच्या आत ये. चार दिवसांसाठी तरी ये. कारण विचारू नकोस. अंजिरं पिकतात, असं समज.

तुझी,
पावला


स्त्रमेत्स, १७ ऑगस्ट

प्रिय पावला,

सण पार पडला. तीनशे माणूस वर आलं असेल. पायऱ्यांच्या सुरुवातीला प्रत्येकाने एकेक दगड उचलायचा आणि वर भिंतीशी टाकायचा, ते अजून चालतंच. मात्र आता लोक लहान दगड उचलतात. फादर म्हणाले, पापंही लहान झाली असतील. मी म्हटलं, नाही, गुडघे म्हातारे झालेत.

तुझं काम केलं. टोपलीत तीन पाय, एक हात, दोन गायी, एक डुक्कर आणि तुझा तो घोडा आहे. त्याचा एक कान तुटलाय. डोळ्यांची एकच जोडी. बशीवर चिकटवलेली, जुन्या साबणासारखी पिवळी पडलेली. ती दोन्ही हातांत धरून मी वेदीमागून तीन फेऱ्या घातल्या. नाव मोठ्याने घ्यावं लागतं, म्हणून म्हटलं, “पिरानच्या नेवेंकासाठी, जिला माणसाचं नाक दिसत नाही.” मागे मेणाचं डुक्कर धरून उभी असलेली एक बाई हसली. मारियामातेला ऐकू गेलं असावं. मी हयगय केली नाही, हे नेवेंकाला सांग.

फेऱ्या घालताना भिंतीवरच्या नवसाच्या फळ्या पुन्हा वाचल्या. तू शाळेत गेलीस. मी या फळ्यांवर अक्षरं शिकले. चेरीच्या झाडावरून पडला, वाचला. गाडीखाली आला, वाचला. विहिरीत पडली, वाचली. कितीतरी वर्षं मला वाटायचं, लिहिलेलं सगळं शेवटी वाचतंच. तू पाठवलेली पुस्तकं वाचायला लागले, तेव्हा कळलं की तसं नसतं.

आतापर्यंत सात ढग झाले. हाताला घट्टे पडलेत, लोव्रोच्या हातांना होते अगदी तिथेच. अंजिरांसाठी येता येणार नाही. मात्याशला द्राक्षांनंतरचं विचारलं. तो म्हणाला, “द्राक्षांनंतर सगळ्या संतांचा दिवस येतो, तेव्हा घंटा नको का? मग नाताळ. वसंतात बघू, कोणी मिळतंय का.” असं प्रेमाने बोलतो की भांडताही येत नाही. इथून मला सगळं दिसतं, पावला. बस कुठल्या वळणावर आहे, तेसुद्धा. तिच्यात कोण बसलंय, एवढंच दिसत नाही. रोज दोनदा ती जाताना बघते आणि मग घरात येते.

येरा


पिरान, २८ ऑगस्ट

ताई,

नाताळ नको. वसंत तर नकोच. आत्ता ये. मात्याशला म्हणावं, स्वतःच्या हाताने वाजव. दोर ओढायला काय लागतं?

तुला तिथून निघायचंच नाही, असं मला वाटायला लागलंय. तसं असेल तर स्पष्ट लिही. मी वाट बघणं थांबवते.

पावला


स्त्रमेत्स, ४ सप्टेंबर

पावला,

तुझं पत्र वाचायला मला अर्धा तास लागला. एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली, शेवटचे शब्द कागदाबाहेर. बसमध्ये लिहिलंस की रागात? बहिणीला लिहायला टेबलाशी बसण्याइतका वेळ नसेल, तर राहू दे.

दोर ओढायला काय लागतं, असं तू विचारतेस. या दोराच्या टोकाला लोव्रोचे हात होते. तू त्याच्या मातीला आली नाहीस. तापात माणूस येत नाही, मान्य. पण ताप उतरल्यावर जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. ज्या वाटेने मी यावं म्हणतेस, त्याच वाटेने तुलाही येता आलं असतं. तुला ना कबर राखायची आहे, ना ढग.

मी स्पष्ट लिहिते. मला निघता येत नाही. निघायचं नाही आणि निघता येत नाही, यातला फरक तुला कळत नसेल तर मी काय करू?

येरा


पिरान, १० सप्टेंबर

येराबाईंना नेवेंकाचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुम्ही माझं नाव घेऊन वेदीला तीन फेऱ्या घातल्यात. म्हणजे ओळख झालीच. माझे डोळे ठणठणीत आहेत, बाई. पहिल्यापासून. मला माणसाचं नाक दिसतं, आणि तो ते कुठे खुपसतोय तेही दिसतं.

डोळे पावलाचे गेलेत. गेल्या हिवाळ्यापासून. कुणाला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते, कारण चार तारखेचं तुमचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तुमची सगळी पत्रं मीच वाचते. त्या पत्रातल्या दोन ओळी मी गाळल्या. मातीच्या आणि तापाच्या. ती म्हणाली, “मधेच का थांबलीस?” मी म्हटलं, खोकला आला.

तिला ताप वगैरे नव्हता. तुमच्या यजमानांच्या मातीला ती निघाली होती. मी स्वतः तिला काळा कोट घातला आणि गाडीत बसवून दिलं. दिवाचाला गाडी बदलावी लागते. तिथे तिला फलाटावरची पाटी वाचता आली नाही. विचारायला लाज वाटली, शिकलेली बाई ना. चुकीच्या गाडीत चढली, पुढच्या स्टेशनावर उतरली आणि तिथल्या बाकावर चार तास बसली. स्टेशनमास्तरांनी तिला परत पाठवलं. त्या दिवसापासून ती एकटी जिनासुद्धा उतरलेली नाही. चार मजले आहेत. तुम्ही टेकडीवर अडकलात म्हणता. ही इथे अडकली आहे.

डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत फक्त उजेड आणि अंधार उरेल. तिला तुमचा चेहरा एकदा बघायचाय. नीट नाही, कडेकडेने का होईना. रोज एकदा तरी म्हणते. माझं ऐकून यायचं ठरवलंत तर एक सांगते. काळं, करडं तिला एकमेकांत मिसळलेलं दिसतं. तिला दिसतो तो माझा पिवळा मासळीचा एप्रन. त्यावरूनच ती मला ओळखते. वास वेगळा.

नेवेंका

ता. क. फेऱ्यांबद्दल आभारी आहे. हल्ली तराजूचा काटा मला इतका स्वच्छ दिसतो की गिऱ्हाइकं कुरकुर करतात.


स्त्रमेत्स, १५ सप्टेंबर

नेवेंका,

तुझं पत्र मात्याशने काल आणलं. मी ते पायऱ्यांवर उभी राहूनच वाचलं. वाचून झाल्यावर चर्चकडे धावले. का धावले, ते नंतर कळलं. बशी काढायची होती. तिसऱ्या पायरीवर पाय मुरगळला. तरी लंगडत आत गेले, डोळे घेतले आणि एका पायावर, भिंतीला धरून पुन्हा तीन फेऱ्या केल्या. या वेळी तिच्या नावाने. मारियामातेला म्हटलं, आधीच्या तीन फेऱ्या गैरसमजातून झाल्या, पण त्या बाईकडून परत घेऊ नकोस, तिला बाजारात लागतात.

आता घोटा भोपळ्याएवढा झालाय. टेरेझा सूप आणते. घंटाघराला चौतीस पायऱ्या आहेत आणि मला चुलीपर्यंत जाता येत नाही. द्राक्षं अजून तीन आठवडे वेलीवरच आहेत. मी निघू कशी?

पाय मुरगळल्याचं तिला सांगू नकोस. तुला दोन ओळी गाळता येतात, हे मला कळलंय. या चार गाळ.

येरा


स्त्रमेत्स, २३ सप्टेंबर

प्रिय पावला,

नेवेंका हे तुला वाचून दाखवते आहे, हे मला माहीत आहे. नेवेंका, या वेळी खोकायचं नाही.

आधी मिठाचं, मग मेणाच्या घोड्याचं, असं मी मुद्द्याकडे फिरत फिरत येते, हे तुला ठाऊक आहे. आज सरळ लिहिते. मला सगळं कळलं आहे. नेवेंकावर रागावू नकोस. तुझं ते स्टेशनावरचं बाक मला आता रोज दिसतं. मी तुला मातीवरून लिहिलं होतं, ते तुला वाचून दाखवलेलं नाही. मी ते परत घेते. काय होतं ते विचारू नकोस.

आता रविवारची गोष्ट ऐक. माझा पाय मुरगळला होता, हेही तुला सांगितलेलं नाही. दोघी एकमेकींपासून लपवत बसलो, आणि मधे ही मासळीवाली दमली. रविवारी दुपारी मी पलंगावर पडून होते. खिडकीतून ढग दिसला. अगदी तसाच, करडा आणि पोटात हिरवा. इतका मोठा या साली आला नव्हता. मी उठले, दारापर्यंत गेले आणि खाली बसले. पाय टेकेना. सरपटत अंगणापर्यंत गेले. तिथून घंटाघराचं दार दिसत होतं. मोठ्या किल्लीचं वजन खिशात लागत होतं, आणि मी तिथे बसून राहिले. वारा सुटला. सगळे मळे समोर होते, द्राक्षं काळी झालेली. मी लोव्रोला म्हटलं, आता तूच बघ, माझ्याने होत नाही.

पाऊस आला. गार पडली नाही, एकही नाही. अर्ध्या तासात ऊन पडलं आणि मी चिखलात बसलेली होते. सुटल्यासारखं वाटावं, पण तसं वाटलं नाही. आधी भीती वाटली. एकतीस वर्षं लोव्रोने काय केलं मग?

सोमवारी सकाळी मात्याश आणि टेरेझा वर आले. हातात भाजलेलं बदक. मात्याश दारातूनच म्हणाला, “काल मस्त वाजवलीस, येरा. लोव्रोसुद्धा इतकी सलग वाजवत नव्हता.”

मी म्हटलं, “मात्याश, मी वाजवली नाही. माझा पाय बघ.”

“वाजवली नाही म्हणजे? मी तळघराच्या दारात उभा होतो. ऐकली मी.”

“मीही ऐकली,” टेरेझा म्हणाली. “मी दोरीवरचे कपडे काढत होते. म्हटलं, पाय दुखत असूनही गेली बिचारी.”

“मी अंगणात बसले होते. घंटाघर बंद होतं.”

मात्याशला राग आला. “साठ वर्षं ही घंटा ऐकतोय मी. माझ्या कानांनी काय ऐकलं, ते आता तू मला शिकवणार?”

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खोटं बोलत नव्हता. मग माझ्या तोंडून निघालं, “बरं, तू म्हणतोस तसं. मी वाजवली नाही तरी तुला ऐकू येते. मग मी पिरानला असेन तेव्हाही येईल.”

टेरेझाने बदक टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसली. मी तुझं सांगितलं. सगळं सांगितलं, डोळे, बाक, चार मजले. टेरेझा एप्रनने नाक पुसत नवऱ्याला म्हणाली, “ऐकलंस ना? किल्ली घे. पोट कमी होईल चौतीस पायऱ्यांनी.” त्याने हात पुढे केला. मी खिशातून किल्ली काढली आणि काढताना खिशाचं अस्तर फाटलं, इतके महिने तिचं वजन तिथे होतं. आता तिथे काही नाही. सारखा हात जातो.

एक मात्र खरं आहे, आणि ते तुला सांगायला हवं, कारण तू विचारलं होतंस. तुला तिथून निघायचंच नाही, असं तू लिहिलंस तेव्हा मला राग आला. राग आला, कारण ते अर्धं खरं होतं. दोर माझ्या हातात होता तोवर लोव्रो गेल्यासारखा वाटत नव्हता. मळ्यांचं निमित्त होतं. मी त्यांच्यामुळे अडकले असं म्हणत होते, आणि फाटकाची कडी आतून मीच लावत होते.

त्याला दिलेला शब्द मी मोडते आहे. द्राक्षं अजून वेलीवर आहेत. काल भिंतीशी जाऊन त्याला तसं सांगितलं, आडवळणाने नाही. वाफ्यातली शेवटची फरसबी खुडली आणि त्याच्याजवळ बसून सोलली.

आता नीट ऐक. बुधवारी, २९ तारखेला, पिरानजवळच्या कोपर स्टेशनात दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी येणाऱ्या गाडीने मी येते. मात्याश मला त्याच्या गाडीतून बसपर्यंत सोडणार आहे. दिवाचाला गाडी बदलताना मी पाटी वाचेन. मोठ्याने वाचेन, दोनदा. सोबत तू पाठवलेल्या पुस्तकांतली सहा आणते, मीठ आणत नाही. तू मला जी पुस्तकं पाठवलीस, ती आता मी तुला वाचून दाखवेन. मी हळू वाचते आणि मोठे शब्द आले की अडखळते. तुला सवय करावी लागेल.

इथल्या रिवाजाप्रमाणे मला पुढच्या मेपर्यंत काळं घालायचं आहे. डोक्याच्या रुमालासकट. त्या दिवशी ते घालणार नाही, असं टेरेझाला सांगितलं तेव्हा तिने हातांनी कान झाकले. पण लोव्रोने एका जत्रेतून माझ्यासाठी पिवळा रुमाल आणला होता, अंड्यातल्या बलकासारखा. इतका भडक की मी तो कधी बांधलाच नाही, वीस वर्षं पेटीत आहे. काल तोही भिंतीशी घेऊन गेले आणि त्याला विचारलं. तो काही बोलला नाही. जिवंत होता तेव्हाही माझ्या कपड्यांबद्दल कधी बोलायचा नाही.

नेवेंका, तिला जिना उतरवून कोपरला तूच आण. फलाटावर उजेड तिच्या पाठीमागून येईल अशी उभी कर.

पावला, गाडीतून बायका उतरतील, सगळ्या काळ्या-करड्या. त्यांच्याकडे बघू नकोस. पिवळं दिसेल ती मी. तू जागची हलू नकोस. मी चालत तुझ्यापर्यंत येईन आणि चेहरा अगदी जवळ आणेन. मग कडेकडेने, हवा तेवढा वेळ बघ.

तुझी,
येरा